किल्ली गेली कावेरीला

तिरुवैयारूच्या आसपास पाच नद्या वाहतात. तंजावरहून जेमतेम १३ किलोमीटरचा रस्ता, पण तेवढ्यात वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी असे पाच पूल लागतात. या गावात कुणाची किल्ली पाण्यात पडली तर ती नेमकी कुठल्या पाण्यात पडली, यावर वाद घालायला भरपूर वाव आहे. आमच्या मावशीच्या बाबतीत तसा वाद नव्हता. किल्ली कावेरीतच गेली होती. पौष वद्य पंचमीच्या भल्या पहाटे, पुष्य मंडपाच्या घाटावर, पदराला मारलेली गाठ सुटली आणि लॉजच्या खोलीची किल्ली पायऱ्यांवरून घरंगळत खोल पाण्यात दिसेनाशी झाली. “मी हरवली नाही, कावेरीने घेतली,” असं मावशी आजही सांगते. दोष कुणाकडेच जात नाही आणि नदीचा मानही राहतो, म्हणून हे वाक्य आम्ही कधी खोडून काढलं नाही.

त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नव्हती. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार संत त्यागराज ६ जानेवारी १८४७ रोजी इथेच गेले. त्यांच्या पुण्यतिथीला दरवर्षी कावेरीकाठच्या समाधीपाशी शेकडो गायक-वादक मांडी घालून बसतात आणि त्यांच्या पंचरत्न कृती एकसाथ गातात. नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री असे पाच राग आणि एकच आवाज. मावशी गेली दहा-बारा वर्षं गाणं शिकते आणि हे ऐकायचं म्हणून मुद्दाम दादरहून आली होती. गाणं तिने मनसोक्त ऐकलं. परत आलो तेव्हा खोलीला कुलूप, कुलपाच्या आत तिची रक्तदाबाची गोळी, परतीची तिकिटं आणि कोरडं लुगडं.

आपल्याकडे माणूस अडचणीत आला की देव पाण्यात घालून बसतो. तिरुवैयारूत अडचणीची सुरुवातच तिथून झाली, अशी आख्यायिका आहे. त्यागराजांचा थोरला भाऊ त्यांच्या रामभक्तीला आणि त्यातून एक पैसा न मिळण्याला इतका कावला, की त्याने पूजेतल्या रामाच्या मूर्ती उचलून कावेरीत फेकून दिल्या. पुढे त्या त्यागराजांना नदीच्या वाळूत सापडल्या. लॉजच्या ओट्यावर जमलेल्या मंडळींना ही कथा पाठ होती. त्यामुळे किल्ली पाण्यात गेली म्हटल्यावर कुणी फारसं हळहळलं नाही. कावेरीवरचं मेट्टूर धरण रिवाजाप्रमाणे २८ जानेवारीला बंद होतं, मग पाणी उतरेल, मग वाळूत शोधा, असा सल्ला एका गृहस्थाने अगदी मनापासून दिला. आमची गाडी त्या रात्रीची होती.

किल्ली हरवल्यावर कुलपापाशी जे घडतं ते सगळीकडे सारखंच असतं. पहिला माणूस कुलूप ओढून बघतो. ते लागलेलं आहे हे सगळ्यांना दिसत असतं, तरी ओढून बघतो. दुसरा येतो आणि पहिल्याने नीट ओढलं नाही म्हणून पुन्हा ओढतो. तिसरा आपल्या खिशातला जुडगा काढतो. हा जुडगेवाला माणूस मला फार आवडतो. त्याच्या घराची, स्कूटरची, कपाटाची आणि कधीकाळच्या सायकलीची किल्ली आपल्या कुलपाला लागण्याचं काहीही कारण नसतं, पण तो एकेक लावून पाहतो, चेहऱ्यावर डॉक्टरची गंभीर शांतता ठेवून. एखादी किल्ली आत गेली की गर्दीत कुजबुज होते. फिरली नाही की त्याचाच अपमान झाल्यासारखा तो ती उपसून काढतो. मग कुणीतरी खोबरेल आणतो. मग केसातली पिन येते, आणि पिन आतच मोडते की काय या भीतीने सगळे एक पाऊल मागे सरतात.

कुलूप दिंडिगुलचं होतं. तिरुवैयारूहून दीडेकशे किलोमीटरवरचं दिंडिगुल कुलपांसाठी नावाजलेलं आहे. उत्तरेत अलीगढ, तसं दक्षिणेत दिंडिगुल. २०१९ मध्ये तिथल्या कुलपांना भौगोलिक मानांकनही मिळालं. हाताने घडवलेली, लोखंडाची, भक्कम, आत एकावर एक लिव्हर रचलेली कुलपं. कैरीच्या आकाराचं एक कुलूप तिथे फार प्रसिद्ध आहे आणि किल्ली फिरवली की घंटा वाजणारंही एक असतं, म्हणजे चोराने उघडलं तर निदान घरच्यांना कळावं. आमच्या दाराला कैरीच्या आकाराचं होतं. मावशीला ते पहिल्या दिवसापासून पसंत नव्हतं. ती लालबागला लहानाची मोठी झाली, आणि आर्देशिर गोदरेजांनी १८९७ मध्ये आपला कुलपांचा कारखाना लालबागलाच काढला होता. त्यामुळे कुलूप हा विषय ती माहेरचा मानते. “आमच्याकडचं असतं तर,” एवढं म्हणून ती थांबली. आमच्याकडचं असतं तर काय झालं असतं, हे तिलाही सांगता आलं नसतं. किल्लीशिवाय तेही उघडलं नसतंच.

खरी गंमत कोयंड्याची होती. कुलूप एवढं भारी, की दगडाने ठेचलं तर दगड फुटावा. पण ते ज्या कोयंड्यात अडकवलं होतं तो चार आण्याच्या पत्र्याचा, आणि त्याचे दोन स्क्रू बाहेरच्या बाजूने, सैल, डोळ्यांसमोर. लॉजवरच्या चहा देणाऱ्या पोराने ते सर्वांआधी पाहिलं. त्याच्याकडे स्क्रू-ड्रायव्हरही होता. एका मिनिटाचं काम. पण ओट्यावरची सगळी माणसं त्या स्क्रूंकडे बघत होती आणि एकानेही हात लावला नाही. आपल्या देशातली अर्ध्याहून जास्त दारं अशीच आहेत, असा माझा अंदाज आहे. लोक कुलपावर पैसे घालतात आणि कोयंडा सुताराने जो लावला तोच वर्षानुवर्षं ठेवतात. चोर कुलपाकडे ढुंकूनही पाहत नाही, तो थेट कोयंड्याला पहार लावतो. कुलपाशी झुंजत बसतो तो फक्त घरचा मालक.

मग स्क्रू का काढले नाहीत? कारण ते काढणं म्हणजे फोडणं झालं असतं. किल्लीने उघडलं तर ती आपली खोली, पत्रा उचकटला तर ती चोरी. मधे फक्त दोन स्क्रू. शिवाय आम्ही परगावचे, भाषा वेगळी, मॅनेजर जागेवर नाही. मॅनेजरच्या टेबलाच्या खणात दुसरी किल्ली होती, असं पोराने सांगितलं. खणाला कुलूप होतं. खणाची किल्ली मालकांकडे होती, आणि मालक समाधीपाशी पंचरत्न गायला बसले होते. किल्ली किल्लीत, ती किल्ली आणखी एका खिशात, आणि तो खिसा वराळी रागात रमलेला.

दुसऱ्या किल्लीवर फार भरवसा ठेवू नये, हे तर जगन्नाथपुरीनेच साऱ्या देशाला दाखवून दिलं आहे. तिथल्या रत्नभांडाराच्या आतल्या दालनाची किल्ली सापडत नसल्याचं २०१८ मध्ये उघड झालं आणि ओडिशात एकच गदारोळ उडाला. चौकशी, आयोग, आरोप-प्रत्यारोप. मधेच जिल्हाधिकारी कचेरीत एका लिफाफ्यात दुसऱ्या किल्ल्या निघाल्या. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. १४ जुलै २०२४ रोजी दालन उघडायची वेळ आली, तेव्हा त्या किल्ल्या कुलपांना लागेनात. अखेर कुलपं कापावी लागली, तीही दंडाधिकाऱ्यांच्या समक्ष आणि साक्षीदारांसमोर. जगन्नाथाच्या दाराशीसुद्धा प्रश्न तोच, कापायचं कसं हा नाही, कापताना बघायला कोण आहे हा.

आमच्यासाठी बघायला होते रायर. समोरच्या घरात राहणारे, सत्तरीच्या पुढचे, पोस्टातून निवृत्त झालेले. गल्लीत सगळे त्यांना रायरच म्हणत. व्यंकोजी राजांनी तंजावर घेतलं त्या काळी ज्या घराण्यांनी इकडे येऊन कारकुनी, कीर्तन आणि शेती केली, त्यांतलं त्यांचं घराणं. घरात अजून मराठी बोलतात. आमच्यासारखी नव्हे. त्यांच्या मराठीत तमिळ हेल आहे आणि कुठेही घाई नाही. आदल्या संध्याकाळी मावशीने त्यांना घाटाचा रस्ता विचारला होता, तेवढीच ओळख. आता त्यांनी धोतराचा सोगा सावरला, ओट्यावर बसकण मारली आणि पोराला पिटाळलं किल्लीवाल्याकडे.

किल्लीवाला सायकलवरून आला. मागच्या कॅरिअरला पेटी, हँडलला किल्ल्यांची भलीमोठी रिंग. त्याने कुलूप हातात घेतलं नाही, आमच्याकडे पाहिलंही नाही. रायरांकडे वळून तमिळमध्ये काहीतरी विचारलं. रायर म्हणाले, “विचारतोय, ही मंडळी तुमच्या ओळखीची का?” आणि आमच्या उत्तराची वाट न पाहता त्याला सांगून टाकलं, घरचीच आहेत म्हणून. मग त्याने पेटीतून एक मळकी वही काढली. तारीख, लॉज, खोली, आणि सही. मावशी पेन घेऊन पुढे झाली, तर त्याने मान हलवली. सही रायरांची हवी होती. मावशीला हे जरा लागलं. खोली तिची, सामान तिचं, पैसे तीच देणार आणि सही परक्याची! पण किल्लीवाल्याचंही बरोबर होतं. कुलूप लावलेल्या प्रत्येक दारासमोर उभा राहून कुणीही म्हणू शकतो की हे माझं आहे. मालक म्हणतो, चोरही तेच म्हणतो. किल्ली हातात असेपर्यंत आपल्याला कुणी काही विचारत नाही. ती गेली की आपलीच वस्तू आपली आहे हे दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्यावं लागतं.

सही करता करता रायर म्हणाले, “आमच्या राणीसाहेबांना सहीला माणूस मिळाला नाही.” आणि मग किल्लीवाला काम करत असताना त्यांनी तंजावरच्या राजवाड्याची हकीकत सांगितली. ती त्यांना तारीखवार पाठ होती.

तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी ऑक्टोबर १८५५ मध्ये वारले. त्यांना मुलगा नव्हता. वारस नाही म्हणून राज्य खालसा, असं ईस्ट इंडिया कंपनीने ठरवलं. राज्य म्हणावं असं तोवर फारसं उरलंही नव्हतं. पण राज्याबरोबर कंपनीने राजाची खासगी मालमत्ताही घेतली. ऑक्टोबर १८५६ मध्ये कमिशनर फोर्ब्ज शिपाई घेऊन राजवाड्यात आला, दालनांना कुलपं आणि मोहरा ठोकल्या, दारादारांवर पहारा बसवला. दागिने, जवाहीर, पैसा सगळं आत आणि राण्या बाहेर. थोरल्या राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या. तिथे त्या जिंकल्या. कंपनी लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेली आणि १८५९ मध्ये निकाल फिरला. त्या निकालाचा मासला असा, की कंपनीने जे केलं त्याचं समर्थन करणं न्यायाधीशांनाही जड गेलं, तसं त्यांनी लिहूनही ठेवलं. पण हे राज्यसत्तेने राज्यसत्ता म्हणून केलेलं कृत्य आहे, तेव्हा अन्याय झाला असला तरी तो दूर करणं कुठल्याही कोर्टाच्या हातात नाही. कायदा शिकणाऱ्यांना हा खटला आजही वाचावा लागतो.

“कुलूप चुकीचं लावलंय, हे त्यांना दिसत होतं,” रायर म्हणाले. “फक्त उघडणार कोण?”

पुढे १८६२ मध्ये सरकारने आपणहून खासगी मालमत्ता राण्यांना परत केली. कुलपं निघाली. त्यानंतर त्या मालमत्तेत कुणाचा किती हक्क यावरून जिजाईअंबा आणि कामाक्षीबाई या राण्या एकमेकींविरुद्ध मद्रास हायकोर्टात उभ्या राहिल्या. दार बंद होतं तोवर सगळ्या बाहेर एकत्र होत्या. हे सांगताना रायर जरा खजील झाले, जणू घरातलीच गोष्ट बाहेर पडली.

इकडे किल्लीवाल्याने मेणबत्ती पेटवली होती. त्याने लोखंडाची एक कोरी किल्ली ज्योतीवर धरून काळी केली, काजळी नीट चढू दिली, मग ती कुलपात घालून जोर देऊन फिरवली आणि तितक्याच हलक्या हाताने बाहेर काढली. काळ्या पात्यावर एके ठिकाणी मोहरीएवढा चकचकीत ठिपका उठला होता. आतली लिव्हर तिथे घासली होती. त्याने तेवढ्याच जागी कानस फिरवली, दोनतीनदा, कागद घासावा इतकी हळू. पुन्हा काजळी, पुन्हा आत, पुन्हा ठिपका, आता दुसरीकडे. अशा कुलपात पत्र्याच्या लिव्हर एकावर एक असतात, प्रत्येकीला स्प्रिंग. बरोबरची किल्ली प्रत्येक लिव्हरला तिला हव्या तेवढ्याच उंचीवर उचलते. सगळ्या एका ओळीत आल्या तरच आतला खटका सरकतो. एक जरी केसभर खाली राहिली किंवा वर गेली तर बाकीच्या कितीही शहाण्यासारख्या वागल्या तरी कुलूप हलत नाही. किल्लीवाला कुलपाला काही विचारत नव्हता, ते आपणहून जे सांगत होतं तेवढं टिपून घेत होता. जुडगेवाला गृहस्थ मागून वाकून बघत होता आणि दर ठिपक्याला मान डोलवत होता.

याच विद्येवरून १८५१ साली लंडनमध्ये मोठा तमाशा झाला होता. ब्रामा कंपनीने आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप साठ वर्षं मांडून ठेवलं होतं, उघडणाऱ्याला २०० गिनी बक्षीस. त्या वर्षीच्या मोठ्या प्रदर्शनासाठी आलेल्या हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून उघडलं. सबंध इंग्लंडची झोप त्यामुळे उडाली म्हणे. तिरुवैयारूच्या कारागिराने दोन मेणबत्त्या संपायच्या आत कुलूप उघडलं आणि त्याची मजुरी ऐकून मावशीने आणखी एक किल्ली करून मागितली. खट्ट असा आवाज झाला तेव्हा ओट्यावर कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी फक्त एकदा आत डोकावून पाहिलं. आत होतं काय, तर एक गोळ्यांचा डबा आणि एक लुगडं.

मावशी त्या संध्याकाळी रायरांकडे बसून बराच वेळ त्यागराजांबद्दल बोलत होती. तंजावरच्या सरफोजी राजांनी बोलावणं धाडलं, धन पाठवलं आणि त्यांनी ते नाकारलं, कल्याणी रागातली त्यांची एक कृती तिथूनच आली, असं परंपरा सांगते. रोज गल्लीतून भजन गात फिरायचं, मिळेल ते धान्य घरी आणायचं, त्यात आलागेला जेवायचा. “त्यांच्या दाराला कुलूप असेल का हो?” मावशीने विचारलं. रायरांनी बराच विचार केला. कुलूप असेल, ते म्हणाले, शिष्यांपैकी कुणीतरी लावत असेल, पण किल्ली कुणाकडे आहे हे त्यांना स्वतःला बहुधा ठाऊक नसेल. मग त्यांच्या सूनबाईंनी अशोका हलवा आणला. मूगडाळीचा, तुपात थबथबलेला, इथली खासियत. विषय तिथे संपला.

निघताना मावशीने ती जास्तीची किल्ली मॅनेजरच्या हातात दिली. त्याने ती खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. आपल्या घराची दुसरी किल्ली असेल तर ती कपाटात ठेवू नका, कपाट आतच असतं. लिफाफ्यात घालून कचेरीत तर मुळीच ठेवू नका. आज सवडीने ती एकदा कुलपात फिरवून पाहा, लागते का बघा आणि शेजारच्या घरी नेऊन द्या. शेजाऱ्याशी बोलणं बंद असेल तर आधी ते सुरू करा. किल्लीवाल्याच्या वहीत सही त्याचीच लागते.